नोडचे टायमर आणि बुलएमक्यूची विलंबित कामे: दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लसीचे डोस बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचे झाल्यावर द्यायचे असतात, म्हणजे दोन डोसांमध्ये २८ दिवसांचे अंतर असते. एका बालरोग दवाखान्यासाठी आम्ही आठवण करून देणारी सेवा लिहिली, तेव्हा पहिल्या डोसची नोंद होताच २८ दिवसांनंतरचा निरोप नोडजेएस या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या सेटटाइमआउटवर, म्हणजे दिलेल्या वेळेनंतर काम करवणाऱ्या फंक्शनवर, सोपवून आम्ही मोकळे झालो होतो. सेवा सुरू झाली त्या सकाळी एका बाळाला अकराच्या सुमारास लस टोचली गेली आणि दवाखान्याची पायरी उतरायच्या आत त्याच्या आजीच्या फोनवर ‘आज आपल्या बाळाच्या दुसऱ्या डोसचा दिवस आहे’ असा निरोप येऊन थडकला. आजींनी तिथूनच मागे वळून विचारले, ‘अहो, पोर अजून रडायचं थांबलं नाही, आणि लगेच दुसरी सुई?’

चूक सर्वस्वी आमची होती, कारण नोडच्या दस्तऐवजात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. सेटटाइमआउटला दिलेला विलंब ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावावा लागतो, म्हणजे तो जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद असू शकतो. हिशेब केला तर हे २४ दिवस, २० तास, ३१ मिनिटे आणि साधारण २४ सेकंद होतात. २८ दिवसांचे मिलिसेकंद २,४१,९२,००,००० इतके भरतात. मर्यादेहून अशी मोठी संख्या दिली, तर नोड चूक म्हणून थांबत नाही; विलंब १ मिलिसेकंद धरून काम ताबडतोब उरकते आणि लॉगमध्ये इशाऱ्याची एक ओळ टाकते. चाचणी घेताना आम्ही दोन मिनिटांचा आणि सात दिवसांचा विलंब तपासला होता, तो बिनचूक चालला होता, आणि इशाऱ्याची ओळ इतर शंभर ओळींमध्ये कोणाच्या नजरेस पडली नाही. माझ्या मते इथे नोडने इशाऱ्याऐवजी सरळ अपवाद फेकायला हवा होता, कारण ‘फार उशिरा कर’ या आज्ञेचा अर्थ ‘आत्ताच कर’ असा घेणे हे कोणत्याही दृष्टीने सुरक्षित गृहीतक नाही.

त्या प्रसंगानंतर दीड वर्षात आम्ही हेच काम आधी नोडच्या अंगभूत टायमरांवर, मग रेडिस या स्मृतीत नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या बुलएमक्यू या कामांच्या रांगेच्या लायब्ररीवर आणि शेवटी दोहोंच्या जोडीला डेटाबेसची तक्ता-नोंद ठेवून केले. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. आमच्याकडे नोडची २० आणि २२ ही आवृत्ती आणि बुलएमक्यूची ५ ही आवृत्ती चालू होती.

आधी अंगभूत टायमरांविषयी. नोडमध्ये आपला जावास्क्रिप्ट कोड एकाच धाग्यावर चालतो आणि इव्हेंट लूप त्याला एकामागून एक कामे देत राहतो. दवाखान्यातल्या एकुलत्या एका कंपाउंडरला डॉक्टरांनी ‘दहा मिनिटांनी पुढच्या पेशंटला आत पाठव’ असे सांगून ठेवले, पण नेमक्या त्या वेळी तो कोणाच्या गुडघ्याला पट्टी बांधत असला, तर पट्टी पुरी झाल्याशिवाय तो दाराकडे वळणार नाही. टायमरचेही तसेच आहे. सेटटाइमआउटला दिलेला आकडा ‘याच्या आधी नको’ एवढेच सांगतो. ‘याच वेळी’ असे वचन त्यात नाही, आणि कॉलबॅक, म्हणजे वेळ झाल्यावर चालवायचे फंक्शन, नेमका कधी चालेल किंवा कोणत्या क्रमाने चालतील याची हमी आम्ही देत नाही, असे नोडचे दस्तऐवजही सांगतात. मी १०० मिलिसेकंदांचा टायमर लावून पुढच्याच ओळीत जुन्या नोंदींची एक भलीमोठी जेसन फाइल उलगडायला दिली. फाइल उलगडायला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ गेला आणि टायमर त्यानंतरच वाजला. त्या पाऊण सेकंदात सर्व्हरने दुसरी एकही विनंती घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

असे असले तरी आतली रचना मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे आणि तिचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सर्व्हरमध्ये एका वेळी हजारो टायमर जिवंत असतात, पण त्यांतले बहुतेक वाजण्यासाठी लावलेलेच नसतात: जोडणीवर अमुक इतक्या सेकंदांत काही हालचाल झाली नाही तर ती तोडा, अशा स्वरूपाचे ते असतात आणि हालचाल होताच ते रद्द होतात किंवा पुढे ढकलले जातात. म्हणून नोड एकाच कालावधीचे सगळे टायमर एका साखळी-यादीत ओळीने ठेवतो. कालावधी सारखाच असल्यामुळे जो आधी लागला तो आधी वाजणार हे ठरलेलेच असते. नवा टायमर शेपटाला जोडणे किंवा मधला काढून टाकणे याला यादी कितीही लांब असली तरी सारखाच अल्प वेळ लागतो. या याद्यांपैकी कोणती सर्वांत आधी पिकणार, एवढेच ठरवण्यासाठी वर एक प्राधान्य-रांग असते, आणि त्याखाली लिबयूव्ही या सी भाषेतल्या ग्रंथालयाकडे संपूर्ण प्रोसेससाठी बहुधा एकच खरा टायमर लावलेला असतो. याच प्रश्नावर वर्गीस आणि लॉक या संशोधकांनी १९८७ मध्ये काळचक्रांची, म्हणजे टायमिंग व्हीलची, कल्पना मांडली होती आणि नेट्टी, काफ्का यांसारख्या प्रणालींनी ती वाट धरली. नोडची वाट निराळी असली, तरी मूळ निरीक्षण तेच आहे, की टायमर वाजण्यापेक्षा रद्द होण्याचे प्रसंग अधिक येतात आणि म्हणून रद्द करणे स्वस्त असले पाहिजे.

घड्याळाची निवडही योग्य आहे. लिबयूव्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाही, सतत पुढेच जाणाऱ्या एकदिश घड्याळाकडे पाहते. त्यामुळे सर्व्हरचे घड्याळ कोणी पाच मिनिटे मागे घेतले, तरी टायमर पाच मिनिटे लांबत नाही. मात्र लिनक्सवर हे एकदिश घड्याळ यंत्र झोपी गेल्यावर थांबते. घरच्या लॅपटॉपवर दोन तासांचा टायमर लावून मध्ये एक तास झाकण मिटून ठेवले, तर तो तीन तासांनी वाजतो. सर्व्हर सहसा झोपत नाहीत, पण आमच्या एका ग्राहकाच्या स्वागतकक्षातला संगणक दुपारी दीड ते चार झोपत असे, आणि तिथे चालणारी छोटी सेवा साडेचारचे निरोप सातला पाठवत असे, याचे कारण शोधायला आम्हाला चार दिवस लागले.

ठरावीक अंतराने तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या सेटइंटरव्हलविषयी थोडक्यात सांगतो: अचूक ठेक्यासाठी त्यावर विसंबू नये. पुढची फेरी मागचा कॉलबॅक प्रत्यक्षात सुरू झाला त्या क्षणापासून मोजली जाते, त्यामुळे प्रत्येक फेरीतला उशीर साठत जातो. दर सेकंदाच्या फेरीला एक मिलिसेकंद जरी उशीर झाला, तरी दिवसाच्या ८६,४०० फेऱ्यांमध्ये जवळपास दीड मिनिट मागे पडते. ठेका हवा असेल तर पुढची नेमकी वेळ स्वतः काढून दर वेळी नवा सेटटाइमआउट लावावा. २० व्या आवृत्तीपासून टायमर इव्हेंट लूपच्या पोल टप्प्याच्या, म्हणजे नेटवर्क आणि फाइलींच्या घडामोडींची वाट पाहण्याच्या टप्प्याच्या, आधी आणि नंतर असे दोनदा न तपासता केवळ नंतर तपासले जातात, हाही बदल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सेटटाइमआउट आणि पोल टप्प्यानंतर लगेच चालणारा सेटइमिजिएट यांच्या परस्पर क्रमावर ज्यांचा कोड टेकलेला होता त्यांना तो जाणवला असेल, पण मुळात त्या क्रमावर टेकणेच चूक होते.

टायमरांचे वचन-रूप, म्हणजे प्रॉमिस परत करणारा सेटटाइमआउट, १५ व्या आवृत्तीत आले आणि त्याने रोजच्या कामात मोठा फरक पडला. अबॉर्टकंट्रोलरचा, म्हणजे क्रिया रद्द करण्याच्या सोयीचा, सिग्नल त्याला दिला, की ग्राहकाने भेट रद्द करताच थांबून राहिलेली संपूर्ण क्रिया एका जागेवरून मोडता येते. पूर्वी टायमर रद्द करण्यासाठी त्याचा हँडल पाच फंक्शनांमधून हातोहात फिरवावा लागे. अनरेफ ही सोयही बारीक पण मोलाची आहे: केवळ आकडेवारी गोळा करण्यासाठी लावलेल्या टायमरला अनरेफ केले, की त्याच्यासाठी प्रोसेस ताटकळत जिवंत राहत नाही. आम्ही ही सोय पहिल्यांदा वापरली तेव्हा नको त्या टायमरला वापरली, आणि रात्रीचे एक काम आपली पाळी येण्याआधीच प्रोसेस सुखरूप बंद झाल्यामुळे कधीच झाले नाही.

मात्र अंगभूत टायमरांची खरी मर्यादा अचूकतेत नाहीच. ते प्रोसेसच्या स्मृतीत राहतात, आणि प्रोसेस संपली की त्यांचा मागमूस उरत नाही. नवी आवृत्ती चढवणे, स्मृती अपुरी पडून सर्व्हर पुन्हा सुरू होणे, वीज जाणे, यांपैकी काहीही झाले तरी लावलेले सर्व टायमर जातात आणि कोणते गेले हे सांगणारी यादीही मागे राहत नाही. आठवड्यातून दोनदा नवी आवृत्ती चढवणाऱ्या आमच्यासारख्यांनी २८ दिवसांचा टायमर स्मृतीत ठेवणे म्हणजे वाळूत रोप लावण्यासारखे होते. ३२ बिटांची मर्यादा नसती, तरी तो निरोप कधीच गेला नसता, आणि ते आम्हाला कळलेही नसते. त्या अर्थाने आजींना चुकीच्या वेळी गेलेल्या निरोपाने आमच्यावर उपकारच केले.

यातून आम्ही बुलएमक्यूकडे वळलो. हिचा मुख्य भाग एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळतो, काही अधिकच्या सोयींसाठी सशुल्क आवृत्ती आहे, आणि खर्च येतो तो रेडिस चालवण्याचा. काम रांगेत टाकताना मिलिसेकंदांत विलंब सांगितला, की ते काम रेडिसच्या क्रमबद्ध संचात जाते. तिथे प्रत्येक कामाचा गुणांक त्याच्या नियोजित वेळेवरून काढलेला असतो, म्हणून सर्वांत आधी पिकणारे काम नेहमी वरच सापडते, आणि वेळ झाली की वर्कर, म्हणजे रांगेतली कामे करणारे घटक, ते काम प्रतीक्षा-रांगेत आणून हाती घेतात. इथे २८ दिवस असोत वा २८ महिने, वरचा अडथळा येत नाही, आणि आपली सेवा दिवसातून चार वेळा बंद-चालू केली तरी काम जागेवर राहते. पूर्वी यासाठी क्यूशेड्युलर नावाचा वेगळा घटक चालू ठेवावा लागे. आवृत्ती २ पासून त्याची गरज संपली, तरी इंटरनेटवरचे जुने लेख अजून तो लावायला सांगतात आणि नवशिक्याचा अर्धा दिवस त्यात जातो.

पहिल्या दोन महिन्यांत आम्हाला दोन धक्के बसले. ज्या कंपनीकडून आम्ही रेडिस भाड्याने घेतले होते, तिथली आमची योजना कॅशसाठी आखलेली होती, म्हणजे स्मृती भरली की बराच काळ न वापरलेल्या नोंदी आपोआप हटवण्याचे धोरण तिथे लावलेले होते. बराच काळ न वापरलेली नोंद म्हणजे आमच्या दृष्टीने अर्थातच महिनाभर शांत पडून असलेले स्मरणपत्र. बुलएमक्यूला नोएव्हिक्शन, म्हणजे काहीही न हटवण्याचे, हेच धोरण लागते, हे तिच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे आणि ते आम्ही वाचले त्या दिवशी एकोणीस निरोप आधीच नाहीसे झालेले होते. रेडिस स्वतः किती टिकाऊ ठेवले आहे, हाही त्याच्याच जोडीचा प्रश्न: बदलांची नोंदवही चालू ठेवून ती दर सेकंदाला डिस्कवर उतरवली, तर वाईटात वाईट प्रसंगी साधारण सेकंदभराच्या नोंदी जातात, पण ती चालूच केली नसेल, तर मागच्या छायाप्रतीनंतरचे सर्व काही जाऊ शकते.

दुसरा धक्का अधिक बोधप्रद होता, कारण ज्या इव्हेंट लूपच्या अडचणीपासून पळून आम्ही इथे आलो होतो तीच इथे दार उघडून उभी होती. वर्कर एखादे काम उचलतो तेव्हा त्यावर कुलूप लावतो. कुलपाची मुदत मुळात ३० सेकंदांची असते आणि काम चालू असेतोवर वर्कर ती अधूनमधून वाढवत राहतो. ही वाढ करणारा टायमर त्याच वर्करच्या इव्हेंट लूपवर चालतो. आमच्या एका कामात महिन्याचा अहवाल पीडीएफ करताना लूप चाळीसेक सेकंद अडून राहत असे, त्यामुळे मुदत वाढलीच नाही, कुलूप गळून पडले, काम रखडले आहे असे समजून ते पुन्हा रांगेत गेले आणि दुसऱ्या वर्करने तेच काम नव्याने करून दवाखान्याला अहवाल दुसऱ्यांदा पाठवला. कामे निदान एकदा तरी होतील एवढीच शाश्वती अशा रांगा देतात. नेमकी एकदाच होतील हे आपल्या कोडला पाहावे लागते. आम्ही जड काम वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवले, ज्याची सोय बुलएमक्यूमध्ये आहे, आणि कोणताही निरोप पाठवण्याआधी ‘बाळ, लस, डोस’ या त्रयीची अनन्य नोंद डेटाबेसमध्ये घालायला लागलो. नोंद आधीच असेल तर निरोप जात नाही. लूप किती अडकतो हे मोजणारा मापकही नोडमध्ये ११.१० पासून अंगभूत आहे, तो पहिल्या दिवसापासून लावायला हवा होता.

भेटीची वेळ बदलली की जुने काम काढून नवे टाकणे किंवा त्याचा विलंब बदलणे, दोन्ही जमते. फक्त एक खोच आहे. आपण कामाला स्वतःची ओळख दिली असेल आणि त्याच ओळखीचे काम रेडिसमध्ये आधीच असेल, तर नवे काम गुपचूप दुर्लक्षिले जाते. आणि पूर्ण झालेली कामे आपण सांगितल्याशिवाय पुसली जात नाहीत, म्हणून ‘आधीच असलेले’ काम तीन महिन्यांपूर्वी पार पडलेलेही असू शकते. पूर्ण झालेली कामे काढून टाकण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू करावा.

विलंब हा ‘आत्तापासून किती’ असा सांगायचा असल्याने आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काम टाकणाऱ्या यंत्राचे घड्याळ आणि ते उचलणाऱ्या यंत्राचे घड्याळ जुळलेले हवे, कारण इथे भिंतीवरचेच घड्याळ चालते. शिवाय भारतात बसून जे लक्षात येत नाही ते परदेशातल्या वापरकर्त्यांमुळे येते: न्यू जर्सीतल्या मराठी मुलांसाठी शनिवारचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या एका बाईंना आम्ही हीच सेवा दिली, तेव्हा ‘बरोबर सात दिवसांनी’ असा विलंब मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे सरकल्यावर पुढच्या शनिवारी तासभर चुकला. अशा ठिकाणी मिलिसेकंद विसरून स्थानिक वेळ आणि कालक्षेत्राचे नाव साठवावे. बुलएमक्यूच्या आवर्ती वेळापत्रकात कालक्षेत्र सांगता येते आणि मग नोव्हेंबरात घड्याळे मागे येतात तेव्हाही अडचण येत नाही.

इतके सांगितल्यावर एखादा वाचक विचारेल, की ज्यांच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहेच त्यांनी रेडिसचा हा संसार का मांडावा. प्रश्न रास्त आहे. नियोजित वेळेचा रकाना असलेला एक साधा तक्ता, दर काही सेकंदांनी ‘वेळ झालेल्या ओळी दे आणि दुसऱ्याने कुलूप लावलेल्या वगळ’ अशी एक क्वेरी, एवढ्यावर दिवसाला काही हजार कामे आरामात होतात. कुलूप लागलेल्या ओळी वगळण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे आणि पीजीबॉस ही लायब्ररी नेमकी तिच्यावरच उभी आहे. आज मी नव्याने सुरुवात केली, तर इथूनच करीन. कामांमध्ये प्राधान्य, पुनःप्रयत्नांमधले वाढते अंतर, वेगावर मर्यादा, कामांची परस्परावलंबी साखळी असे काही लागायला लागले, की बुलएमक्यू आपली किंमत वसूल करून देते, कारण हे सारे तिच्यात चांगले लिहिलेले आहे आणि स्वतः लिहायला घेतले तर महिने जातात.

आम्ही मधला मार्ग काढला आहे. प्रत्येक स्मरणपत्राची अधिकृत नोंद पोस्टग्रेसमध्ये राहते. दर तासाला एक झाडणी होते, जी पुढच्या चोवीस तासांत पिकणारी स्मरणपत्रे तेवढी बुलएमक्यूत टाकते. रेडिस उद्या पूर्ण पुसले गेले, तरी पुढच्या झाडणीत रांग पुन्हा भरते, आणि दुबार निरोप वर सांगितलेली अनन्य नोंद अडवते. सेटटाइमआउट आता आमच्याकडे विनंतीची मुदत, पुनःप्रयत्नापूर्वीची विश्रांती अशा कामांपुरता राहिला आहे आणि तिथे त्याच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पाच मिनिटांहून मोठा विलंब कोणी त्याला दिला, तर कोड तपासताना तो परत पाठवायचा, असा नियम आम्ही केला आहे.

राहिली सकाळी नऊची गर्दी. बहुतेक दवाखान्यांना निरोप नऊलाच जायला हवे असतात, म्हणून एकाच क्षणी सहाशेच्या घरात कामे पिकतात, आणि निरोप पोहोचवणारी सेवा सेकंदाला मोजकेच घेते. वर्करवर वेगमर्यादा घालण्याची बुलएमक्यूची सोय इथे एका ओळीत कामी आली; आम्ही ती सेकंदाला वीस अशी ठेवली आहे, आणि नऊचा शेवटचा निरोप नऊ वाजून अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघतो.